भारत, जपान आणि नरम लाकूड

“यातली आपली रेघ कोणती?” मामाजींनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, कारण ते मला विचारत असतील असं मला वाटलंच नाही. लग्न होऊन सात महिने झाले होते आणि माझे सासरे, व्यंकटराव चिंतलवार, तोवर माझ्याशी थेट एक शब्दही बोलले नव्हते. राग वगैरे काही नव्हता, त्या घरची रीतच तशी होती. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, “सुनेला सांग, वरणात मीठ कमी आहे.” मग सासूबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, “वरणात मीठ कमी आहे म्हणतात.” मी सासूबाईंना सांगायची की उद्यापासून बघते, आणि त्या ते हातभर अंतरावर बसलेल्या मामाजींना पोचवायच्या. आमच्या घरात प्रत्येक वाक्याला दोन फेऱ्या असत.

पण त्या दुपारी सासूबाई घरी होत्या आणि आम्ही टालावर होतो. बल्लारशाला रेल्वे फाटकाजवळ आमचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार, आणि त्याला लागूनच लाकडं चिरायची आरामशीन. टालाच्या कोपऱ्यातल्या ऑफिसात मामाजी, माझे यजमान श्रीहरी आणि मी, एवढेच होतो. भिंतीवर मी काढलेला आलेख लावलेला होता. श्रीहरींनी मला कोपरानं ढोसलं, तेव्हा मला कळलं की प्रश्न माझ्यासाठीच आहे.

“लाल रेघ आपली,” मी म्हटलं. “निळी जपानची.”

मामाजी आलेखाच्या आणखी जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मग आपण खाली काऊन?”

हा आलेख का काढावा लागला, ते सांगायला हवं. मामाजी सागवानाचे माणूस. कुणाच्याही घरी गेले की यजमानाला नमस्कार करण्याआधी दाराच्या चौकटीवर बोटाचं पेर आपटून बघायचे. मला बघायला आले तेव्हाही त्यांनी आधी आमचं दार वाजवलं, मग खिडकी, मग देवघराची चौकट, आणि तिथेच श्रीहरींच्या कानात सांगितलं की माणसं चांगली आहेत. मी तोवर बाहेरसुद्धा आले नव्हते.

श्रीहरींना मात्र पाइन आणायचा होता. खोके, पॅकिंगच्या पेट्या, स्वस्तातले पलंग, सगळीकडे परदेशी पाइन चालायला लागला होता आणि आमच्या टालावर सागवान घ्यायला येणारी माणसं दरवर्षी कमी होत होती. श्रीहरींनी विषय काढला की मामाजी म्हणायचे, ते नरम लाकूड आहे, नरम लाकडाला लाकूड म्हणत नाहीत, आणि ते ज्याला आणायचं असेल त्यानं त्यासाठी वेगळं गाव शोधावं.

गांधीधामला जिग्नेशभाई नावाचे एक दलाल होते. त्यांनी श्रीहरींना एका इंग्रजी अहवालाची झेरॉक्स पाठवली. न्यूझीलंडमधून पाइनचे ओंडके कोणता देश किती घेतो, याचे पंधरा वर्षांचे आकडे त्यात होते. श्रीहरींना त्यातला जपान दिसला आणि त्यांना कल्पना सुचली. मामाजींना जपानबद्दल फार आदर होता. त्यांचं मनगटी घड्याळ जपानी होतं आणि ते तेहेतीस वर्षं एक मिनिटही मागे पडलं नव्हतं. जपानसारखा देश हे लाकूड वापरतो, हे दिसलं की बाबा विरघळतील, असं श्रीहरींचं म्हणणं. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेलं होतं, आणि लग्नानंतर त्याचा उपयोग तूरडाळीतले खडे मोजण्यापलीकडे झाला नव्हता. श्रीहरींनी झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि सांगितलं, फक्त दोन रेघा काढ, बाकी काही नको. मी कार्डशीट आणली आणि दोन दिवस जमिनीवर पालथी पडून आलेख काढला. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

आता मामाजी विचारत होते की आपण खाली का. मी सांगितलं की जपान पूर्वीपासून हे लाकूड जास्त मागवतो, पण त्यांची रेघ दरवर्षी उतरते आहे आणि आपली चढते आहे.

“जपान केवढा आहे?”

“आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठा.”

मामाजी खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा कुणीतरी घरच्या माणसाला सभेत खाली बसवल्यासारखा झाला होता. “एवढ्याशा देशाच्या खाली?” ते म्हणाले. मग श्रीहरींकडे वळून त्यांनी विचारलं, पाइनचा एक ट्रक मागवला तर ही लाल रेघ किती वर जाईल?

श्रीहरींनी माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर असं होतं की पेन्सिलीच्या टोकाइतकीसुद्धा नाही. मी म्हटलं, “जाईल थोडी.”

ट्रक आला. मामाजींनी त्यातली एक फळी काढून वास घेतला, पेर आपटलं, कान लावला आणि म्हणाले, आवाज नाही. तरी ती गाडी त्यांनी स्वतः उभं राहून उतरवून घेतली. सागवानाच्या थप्प्यांपासून दूर, आरामशिनीच्या मागच्या बाजूला त्या मालाला जागा दिली. सागवानाला वाईट वाटू नये म्हणून, असं आमचे मिस्त्री गंगाराम म्हणाले आणि मामाजींनी ते नाकारलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याची श्रीहरींनाही कल्पना नव्हती. जिग्नेशभाईंकडे दर महिन्याला न्यूझीलंडच्या बंदरांवरचे ताजे आकडे यायचे. मामाजी आठवड्यातून तीनदा त्यांना फोन करू लागले. नमस्कार नाही, तब्येत नाही, थेट “आज जपान काय म्हणते?” जिग्नेशभाईंना आधी वाटलं की म्हातारबुवांचा कुणी नातेवाईक जपानला आहे. आकडे कळले की मामाजी घरी फोन लावून मला टालावर बोलवायचे. सासूबाईंना मध्ये घ्यायला ते चक्क विसरले होते. ऑफिसात माझ्यासाठी टेबलाच्या या बाजूला एक खुर्ची आली, पाठीला उशी लावलेली. मी आलेखावर ठिपका मांडायची आणि मामाजी श्वास रोखून बघायचे. लाल ठिपका वर गेला की चहा यायचा. निळा खाली आला की चहाबरोबर भजी.

टालाच्या फाटकावर एक काळा फळा होता, कोणत्या मापाच्या बल्ल्या, म्हणजे वासे, शिल्लक आहेत ते लिहायला. मामाजींनी तो पुसून घेतला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘भारत – जपान’. खाली दर महिन्याचे आकडे. रेल्वेचं फाटक बंद असलं की रस्त्यावरची माणसं फळा वाचायची. एक रिक्षावाला एकदा आत येऊन गंभीरपणे विचारून गेला की हॉकी आहे की फुटबॉल, आणि अजून किती वेळ बाकी आहे. गंगाराम मिस्त्रींनी त्याला सांगितलं की वेळ भरपूर आहे, आपण पिछाडीवर आहोत, पण दम आहे.

मग मामाजींनी जपानी घड्याळ काढून कपाटात ठेवलं. सामना चालू असताना ते हातावर बरं दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे दिवसभर ते भेटेल त्याला किती वाजले विचारायचे, जेवायला दीड तास उशिरा यायचे आणि दवाखान्यातल्या वेळेच्या एक दिवस आधी जाऊन बसायचे.

सगळ्यात कहर झाला तो बामणीच्या मुख्याध्यापकांच्या बाबतीत. ते नव्या घराच्या पुढच्या दारासाठी सागवान घ्यायला आले होते. ज्या माणसानं आयुष्यभर गिऱ्हाइकाला सागवानाशिवाय दुसरं लाकूड दाखवलं नाही, त्यानं त्यांना हात धरून मागे नेलं आणि पाइन दाखवला. मुख्याध्यापक म्हणाले की हे पावसात टिकेल का. मामाजी म्हणाले, “टिकण्याचं सोडा गुरुजी. देशाला गरज आहे.” मुख्याध्यापकांनी बिचाऱ्यांनी पाइनचं दार नेलं. श्रीहरींनी नंतर गुपचूप जाऊन ते सागवानाचं बदलून दिलं आणि तसं कुणाला बोलायचं नाही म्हणून त्यांच्याकडून वचन घेतलं.

जानेवारीत एका सकाळी जिग्नेशभाईंचा फोन आला. वर्षाचे आकडे लागले होते. मी ते दोनदा तपासले आणि ठिपके मांडले. लाल रेघ निळ्या रेघेला ओलांडून वर गेली होती.

 मामाजींनी टोपी काढून हातात घेतली, बाहेर गेले, आरामशीन बंद करायला लावली, आणि त्या शांततेत सगळ्यांना सांगितलं की आपण जपानला मागे टाकलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामाजींचे डोळे भरून आले होते. ते मला म्हणाले, “सूनबाई, हे तुझ्यामुळे झालं.” मी खाली बघितलं. विनयानं बघितलं असं त्यांना वाटलं.

रविवारी सत्कार ठरला. पाइन आणण्याची दूरदृष्टी दाखवल्याबद्दल श्रीहरींचा सत्कार, आलेखाबद्दल माझा, आणि देशाचा म्हणून एक वेगळा हार. टालावर मांडव पडला. पाइनच्या फळ्यांचं व्यासपीठ झालं, त्यावर मध्यभागी माझा आलेख, फुलांच्या माळा सोडलेला. सनईवाला, ताशेवाला आणि क्लॅरिनेटवाला असं तिघांचं वाजंत्री पथक आलं. जेवायला वडाभात आणि जिलबी. गावातले दोनशे लोक तरी जमले, त्यातल्या बऱ्याच जणांना श्रीहरींना मुलगा झाला असावा असं वाटत होतं.

प्रमुख पाहुणे म्हणून ज्यांना बोलावलं होतं, त्यांनी ऐन वेळी निरोप पाठवला की जमणार नाही. मग मामाजींनी पुढच्या रांगेत बसलेल्या लक्ष्मण पेंदाम साहेबांना वर घेतलं. पेंदाम साहेब वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या टालावरच्या लाकडाच्या वाहतुकीचे पास तपासले होते, आणि चाळीस वर्षं मामाजींनी त्यांच्याशी वाद घातला होता, त्यामुळे दोघांची घट्ट मैत्री होती. पेंदाम साहेब जेवायला म्हणून आले होते. भाषण करायचं आहे हे कळल्यावर त्यांनी आलेख नीट बघून घेतला. आमची भाषणं चालू असताना पूर्ण वेळ ते पाठमोरे, आलेखाकडेच तोंड करून बसले होते.

त्यांची पाळी आली तेव्हा ते माइकसमोर उभे राहिले आणि खूप साधेपणानं बोलले.

“व्यंकटराव, मला एक समजत नाही. ही रेघ म्हणजे बाहेरून किती लाकूड आणलं, ती ना? मग जपानची खाली आली, कारण त्यांचं स्वतःचं जंगल तयार झालं. लढाईनंतर त्यांनी डोंगरच्या डोंगर लावले होते, ती झाडं आता कापायला आली. आम्हाला ट्रेनिंगमधी शिकवलं होतं हे. आणि आपली वर गेली, कारण आपल्याजवळ कापायला राहिलं नाही. तर मग हार कोणाले घालायचा?”

 ताशेवाल्याच्या हातातली काडी खाली पडली आणि तिचा आवाज दोनशे माणसांनी ऐकला. श्रीहरी आपल्या चपलांकडे बघत होते. मामाजी सावकाश उठले आणि माइकपाशी आले. माइक चालू होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

“सूनबाई, साहेब म्हणतात ते खरं आहे काय?”

मला हो म्हणायचं नव्हतं. अहवालात आणखी कारणं आहेत, घरं कमी बांधली जातात, दुसऱ्या देशातून चिरलेलं लाकूड येतं, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यातलं काही खोटंही नव्हतं. पण मामाजी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती निळा ठिपका मांडतानाची नजर होती. मी काय सांगते त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

“हो,” मी म्हटलं. “मुख्य कारण तेच.”

“तुला केव्हा समजलं?”

“पहिल्या दिवशीच. अहवालात लिहिलेलं होतं. बाविसाव्या पानावर.”

हे दोनशे लोकांनी ऐकलं. श्रीहरींनी फक्त रेघा काढायला सांगितल्या होत्या, हे मी म्हणू शकले असते. पण ते कारण पहिल्या दिवसापुरतं होतं. त्यानंतरचे आठ महिने मी स्वतः गप्प राहिले होते. मला त्या खुर्चीवर बसायचं होतं. रोज कुणीतरी मला फोन करून बोलवावं, मी आकडे सांगावेत आणि समोरच्यानं श्वास रोखून ऐकावं, हे मला हवं होतं. ते बाविसावं पान मी स्टेपलर मारून बंद करून टाकलं होतं. हे मी आजवर श्रीहरींनाही सांगितलेलं नाही.

मामाजी माइकपासून वळले. मला वाटलं आता ते मांडव सोडून जातील. पण त्यांनी ताटातला सगळ्यात मोठा हार उचलला, देशासाठी आणलेला. तो घेऊन ते आलेखापाशी गेले. हार अडकवायला निळ्या रेघेला काही टोक नव्हतं, म्हणून त्यांनी गंगाराम मिस्त्रींकडून एक खिळा आणि हातोडी मागून घेतली. रेघ जिथे सगळ्यात खाली आली होती तिथे खिळा ठोकला आणि त्यावर हार घातला. मग शाल पांघरली. नारळ ठेवायला जागा नव्हती म्हणून तो पेंदाम साहेबांच्या हातात दिला.

“जपानचं कोणी इथं नाही,” ते माइकमध्ये म्हणाले. “असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. आता जेवून घ्या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजंत्रीवाल्यानं मला खुणेनंच विचारलं की काय वाजवू. मी काही सांगायच्या आत त्या तिघांनी वरात दारात आल्यावर वाजवतात ते वाजवायला सुरुवात केली आणि मंडळी वडाभाताकडे वळली. जपानच्या सत्काराला बल्लारशात एवढी गर्दी त्याआधी झाली नव्हती आणि त्यानंतरही झाल्याचं ऐकिवात नाही.

मला वाटलं होतं की आता ते मला टालावर बोलावणार नाहीत. आठ दिवस फोन आला नाही. फाटकावरच्या फळ्यावर पुन्हा बल्ल्यांची मापं लागली. पाइनचा धंदा बंद झाला नाही, उलट पुढे तोच आमचा मुख्य धंदा झाला. पण तो सगळा श्रीहरींनी बघायचा, असं मामाजींनी सांगून टाकलं.

नवव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मी ओटा पुसत होते. ते म्हणाले की तो इंग्रजी रिपोर्ट घेऊन ये, आणि मला पहिल्या पानापासून मराठीत वाचून दाखव.

“सगळा?” मी विचारलं. अहवाल एकशे चाळीस पानांचा होता.

“सगळा. एक ओळ सोडायची नाही.”

रोज दुपारी आम्ही बसू लागलो. ते आरामखुर्चीत, मी समोर, आणि सासूबाई कौतुकानं पानदान घेऊन शेजारी. प्रस्तावना वाचली. आभार वाचले. कुणाकुणाचे आभार मानलेत ती नावंही त्यांनी वाचायला लावली. ओंडक्यांचे व्यास वाचले, बंदरांची नावं वाचली, बारीक अक्षरातल्या तळटिपा वाचल्या. सासूबाई मध्येच झोपून जायच्या, मामाजी नाही. कुठे मी भरभर गेले की ते बोट वर करायचे.

पाचव्या दुपारी बाविसावं पान आलं. मी स्टेपलरची पिन नखानं काढली. पिन कशाची, हे त्यांनी विचारलं नाही, पण काढताना बघत होते. मी वाचलं. जपानमध्ये महायुद्धानंतर लावलेली सुगी आणि हिनोकी या तिथल्या झाडांची जंगलं तयार होत आहेत, त्यामुळे बाहेरच्या लाकडावरचं त्यांचं अवलंबन कमी होत आहे, येत्या काळातही ते कमीच होत राहील, असं होतं. मी थांबले.

मामाजींनी विचारलं, “पुढं?”

“झालं. एवढंच आहे.”

“एवढंच?” त्यांनी हात पुढे करून पान माझ्याकडून घेतलं, इंग्रजी येत नसतानाही बोटानं ओळी मोजल्या. “चार ओळी. मला वाटलं पानभर असंल.”

“चारच आहेत.”

“चार ओळी तर तू चहा देता देता सांगितल्या असत्या, विभा.”

त्यांनी मला नावानं हाक मारली ती तेवढीच एकदा. मी म्हटलं, “हो, मामाजी.”

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं, उशीला डोकं टेकलं आणि तेविसावं वाच म्हणाले.